पाटीचा फोटो तुटक का येतो?

संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या बाजारात मेडिकलवर, मोबाइलच्या दुकानावर लाल अक्षरं सरकू लागतात. डोळ्यांना ती सलग दिसतात; मोबाइलने फोटो काढला की मात्र मध्येच काळे पट्टे. पाटी बिघडलेली नसते.

अशा बऱ्याच पाट्या ‘पी-१०’ मॉड्यूल जोडून बनतात. एका मॉड्यूलवर आडवे ३२ आणि उभे १६, म्हणजे ५१२ एलईडी. या १६ ओळी सहसा एकदम पेटत नाहीत. चार उजळतात, विझतात, मग पुढच्या चार. हे चक्र इतकं वेगात फिरतं, की पंख्याच्या पात्यांची चकती दिसावी तसा डोळा सगळं जोडून घेतो. कॅमेरा एका चक्राहून छोटा क्षण टिपतो, म्हणून त्या क्षणी विझलेल्या ओळी फोटोत काळ्या दिसतात.

पी-१० म्हणजे दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर. ढोबळ हिशेब असा : जितके मिलिमीटर, निदान तितक्या मीटरवरून पाटी नीट वाचता येते. रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकासाठी पी-१० उत्तम. काउंटरमागे दाट दिव्यांचीच घ्यावी.

सिमेंट कारखान्यांच्या या गावात पाटीला जपायचं ते धुळीपासून. सिमेंटच्या धुळीला ओल लागली की थर घट्ट बसतो. म्हणून वीज बंद करून आधी कोरडा, मऊ ब्रश. ओलं फडकं नकोच. पॉवर सप्लायच्या जाळ्याही मोकळ्या ठेवा, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तो आधीच तापलेला असतो.

अक्षरं एका मॉड्यूलपासून पुढे सगळीच विस्कटली, तर नवी पाटी घेण्याआधी मागची चपटी केबल दाबून पाहा. संदेश एकाकडून दुसऱ्याकडे तिच्यातूनच जातो.