वाकड्या चौकोनातला अष्टकोन

इस्तंबूलला पोहोचलेला वास्तुकलेचा विद्यार्थी वही उघडतो ती आयासोफियात, आणि तिथेच अडकतो. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट टेप आणि पेन्सिलीच्या आवाक्यातला नव्हे. मान दुखते, शीट कोरी राहते. मेझर्ड ड्रॉइंगच करायचे असेल, तर सुलतानअहमद चौकातून मार्मारा समुद्राच्या दिशेने उतार उतरावा आणि कुचुक आयासोफिया, म्हणजे धाकट्या आयासोफियापाशी थांबावे.

हे मूळचे संत सर्जियस आणि बॅकस यांचे चर्च. सम्राट जस्टिनियन आणि थिओडोरा यांनी इ.स. ५२७ ते ५३६ च्या दरम्यान ते उभारले. थोरल्या आयासोफियाची ही रंगीत तालीम होती असे गाइड सांगतात. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. थिओडोराने आश्रय दिलेल्या भिक्षूंसाठी ते बांधले, असाही एक पक्ष आहे.

पुस्तकातला प्लॅन सोपा दिसतो: चौकोनात अष्टकोन, त्यावर घुमट. जागेवर कर्ण मोजायला घेतले की गंमत सुरू होते. बाहेरच्या चौकोनाचे कोन काटकोन नाहीत आणि आतला अष्टकोन भिंतींशी तिरका बसला आहे. मोजणारे आधी टेप धरणाऱ्यावर चिडतात. पण दोष त्याचा नाही. एका बाजूला होरमिस्दास राजवाडा, शेजारी आधीच उभे असलेले पीटर आणि पॉल यांचे चर्च. मधल्या जागेत जसे जमेल तसे हे बसवावे लागले, असा तर्क आहे. म्हणून ड्रॉइंग सरळ करण्याचा मोह टाळावा. वाकडेपणा पुसला, तर शेजारच्या इमारतींचा पुरावाच पुसला जाईल.

घुमट तर एका सेक्शनमध्ये सापडतच नाही. लाल भोपळ्याच्या फोडींसारखे त्याचे सोळा भाग आहेत, आठ सपाट आणि आठ खोलगट, एकाआड एक. सपाट भागांत खिडक्या आहेत. खोलगट भाग अष्टकोनाच्या कोपऱ्यांवर येतात. त्यामुळे थोरल्या आयासोफियातल्यासारखे मोठे पेंडेंटिव्ह इथे लागले नाहीत. सेक्शन बाजूंच्या मध्यातून एक आणि कोपऱ्यांतून दुसरा, असे निदान दोन तरी काढावेत.

मान वर केलीच आहे, तर दोन मजल्यांमधली कोरीव पट्टीही पाहावी. त्यावरच्या ग्रीक काव्यलेखात जस्टिनियन आहे, थिओडोरा आहे, सर्जियसही आहे. बिचाऱ्या बॅकसचे नाव मात्र नाही!

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला उस्मानी दरबारातल्या हुसेन आगाने या चर्चची मशीद केली. मिहराब मक्केच्या दिशेला हवा, म्हणून तो अर्धगोल गाभ्यात तिरका बसवला आहे; आधीच्या तिरकेपणात आणखी एक भर. आजही इथे नमाज होतो, तेव्हा मोजणीचे तास नमाजाच्या वेळा पाहूनच ठरवावेत आणि शुक्रवारची दुपार सोडावी.

समुद्राच्या बाजूने अगदी जवळून गेलेल्या रेल्वेच्या हादऱ्यांनी इमारतीला बराच त्रास झाला. मोठी दुरुस्ती होऊन ती २००६ मध्ये पुन्हा उघडली. आतले नवे, नीटनेटके गिलावे मला फारसे रुचत नाहीत, कारण बांधणी त्यांच्याआड गेली आहे. विटा पाहायच्या तर बाहेरून फेरी मारावी. पातळ विटा आणि त्यांच्याहून जाड चुन्याचे थर तिथे उघडे दिसतात. विटेची आणि सांध्याची जाडी वेगवेगळी नोंदवावी, एकत्र नव्हे.