जुना डबा, खरं वय

आष्टी तालुक्यातल्या कड्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर तेलाचा गंजका डबा सापडला, तर तो लगेच भंगारात घालू नका. आधी त्याच्यावरची अक्षरं वाचा.

भरवशाची खूण म्हणजे कंपनीचं नाव. ‘बर्मा-शेल’ १९२८ साली सुरू झाली, १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९७७ पासून ती ‘भारत पेट्रोलियम’ झाली. ‘एस्सो’ची १९७४ मध्ये ‘हिंदुस्तान पेट्रोलियम’ झाली. ही जुनी नावं असलेला अस्सल डबा साहजिकच त्याआधीचा. मापही बोलतं: फक्त गॅलन लिहिलेलं असेल, तर डबा बहुधा लिटर रुळण्यापूर्वीचा. किंमत ‘नये पैसे’ अशी असेल, तर तो १ एप्रिल १९५७ नंतरचा. आणि पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ च्या मागे जाताच येत नाही. विकणारा ‘निजामाच्या काळातला’ म्हणून कितीही शपथा घेवो!

शिलाई मशीन किंवा विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला तेल द्यायच्या लांब चोचीच्या कुपीवर मात्र बहुतेकदा नावच नसतं. तिथे झीज पाहावी. खरी झीज हात लागतो तिथे, म्हणजे मुठीशी आणि बुडाशी असते. गंज सगळीकडे सारखाच असेल, तर मला तरी संशय येतो.

एक विनंती: पॉलिश पेपर लावू नका, आणि रिकाम्या जुन्या डब्याला वेल्डिंग तर मुळीच नको. आत कोंडलेली वाफ भडका घेते.