वैद्यकाच्या दारीं स्वाध्यायाची साक्ष

२८ जून १८८३ रोजीं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या चालकांना उद्देशून एक अर्ज लिहिला गेला. अर्जदार बाईंचें वय १८ वर्षांचें होतें आणि पदरीं कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. कल्याणास जन्मलेल्या व नवव्या वर्षीं विवाह झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणाचा ध्यास पति गोपाळराव यांनीं घेतला होता. त्यांची पोस्टांतील नोकरी जेथें नेई तेथें तें शिक्षण पुढें चाले. अर्जांत आनंदीबाईंनीं आपलें वय, झालेला अभ्यास आणि येणाऱ्या भाषा यांचा साधा हिशेब दिला. आपली गोष्ट अपवादात्मक असल्यामुळें सवलतीनें पाहावें, अशी विनंति केली. आणि पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठीं ही विद्या हवी, हें कारण स्पष्ट सांगितलें. प्रवेश मिळाला, आणि मार्च १८८६ मध्यें त्या एम्. डी. झाल्या.

आज अमेरिकेंत वैद्यकाच्या प्रवेशाची रीत पुष्कळ बदलली आहे. आधीं महाविद्यालयीन शिक्षण, नंतर प्रवेशपरीक्षा, मग अर्ज आणि शेवटीं मुलाखत, असा तो लांबचा मार्ग आहे. तरी आनंदीबाईंच्या अर्जापुढें जो प्रश्न होता तो सुटलेला नाहीं : शिकविणारा समोर नसतांना हा मनुष्य शिकेल काय?

हा प्रश्न केवळ विद्येच्या हौसेचा नव्हे. त्यांत रोग्याचें हित गुंतलेलें आहे. जठराच्या व्रणाचें उदाहरण पाहावें. १९८० च्या सुमारास पदवी घेतलेला डॉक्टर असें शिकला होता कीं, हा व्रण मुख्यतः आम्लामुळें व मनाच्या ताणामुळें होतो. पुढें ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं जठरांतील एका जंतूकडे लक्ष वेधलें. १९८४ मध्यें मार्शल यांनीं तो जंतु स्वतः पिऊन त्यानें जठरास दाह होतो हें दाखविलें. २००५ मध्यें दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. जो डॉक्टर पदवीनंतरही वाचत राहिला, त्यानें जंतुनाशक औषध देऊन रोगी बरा केला; ज्यानें पुस्तक मिटलें, त्याचा रोगी वर्षानुवर्षें पोट धरून बसला.

म्हणूनच अमेरिकेंतील एम्. डी. महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या मंडळानें स्वयंप्रेरित अध्ययन हा अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग ठरविला आहे. या अध्ययनाची फोड माल्कम नोल्स यांनीं १९७५ मधील आपल्या पुस्तकांत केली. आपल्याला काय येत नाहीं हें ओळखणें, ध्येय ठरविणें, साधनें व माणसें शोधणें, योग्य रीत निवडणें आणि अखेर आपण खरोखर शिकलों काय हें तपासणें, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. स्वाध्याय म्हणजे एकट्यानें शिकणें, हा समज मात्र चुकीचा आहे. दुसऱ्याचें साह्य घ्यावें. पुढाकार तेवढा आपला असावा.

आतां हें अर्जांत दाखवावें कसें? तेथील बहुतेक एम्. डी. महाविद्यालयांचे अर्ज ‘आम्कास’ नांवाच्या एकाच सेवेमार्फत जातात. त्यांतील निवेदनास ५,३०० अक्षरांची मर्यादा असते. अनुभव फार तर १५ नोंदवितां येतात. प्रत्येकास ७०० अक्षरें, आणि त्यांतील सर्वांत अर्थपूर्ण अशा ३ अनुभवांस आणखी १,३२५. इतक्या आंखूड जागेंत पुस्तकांची व वर्गांची यादी दिली तर जागा संपते, पण माणूस दिसत नाहीं.

समजा, एक विद्यार्थिनी धर्मार्थ दवाखान्यांत दर आठवड्यास नोंदणीचें काम करते. ‘मधुमेहावर पुष्कळ वाचन केलें, दोन वर्ग पूर्ण केले,’ असें तिनें लिहिलें तर तें खरें असूनही पोकळ वाटेल. त्याऐवजीं तिनें असें लिहावें : मेक्सिकोहून आलेले रोगी आहाराचे नियम पाळीत नाहींत, हा निष्काळजीपणा आहे असें प्रथम वाटलें. एका वृद्धेस विचारल्यावर कळलें कीं, कागदावरचे पदार्थ तिच्या स्वयंपाकघरांत शिजतच नाहींत. मक्याच्या टोर्टियांत पिष्ट किती, हें आपल्यालाही ठाऊक नव्हतें. म्हणून वाचन केलें, आहारतज्ज्ञांस विचारलें आणि नवा तक्ता केला. त्यांनीं मापांतील चूक दाखविली. ती सुधारून, त्यांच्या संमतीनेंच, तक्ता वापरांत आणला.

या नोंदींत अज्ञान आहे, चूक आहे आणि दुरुस्तीही आहे. अनेक अर्जदार नेमकें हेंच लपवितात. परंतु अज्ञान ओळखणें ही पहिली पायरी. तीच झांकली तर पुढील पायऱ्यांवर विश्वास कोणी ठेवावा? शिवाय मुलाखतींत या नोंदीवरच प्रश्न येतात. जें वाचलेंच नाहीं त्याची फुशारकी तेथें दोन प्रश्नांतच उघडी पडते.

भारतांत एम्. बी. बी. एस्. चा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. असें निवेदन कोणी मागत नाहीं. तरी २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानें स्वयंप्रेरित अध्ययनासाठीं स्वतंत्र तास ठेवले. म्हणजे अमेरिकेंत जो प्रश्न दाराशीं विचारला जातो, तो येथें आंत गेल्यावर भेटतो. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलांना मात्र त्याचें उत्तर दाराशींच द्यावें लागतें. त्यांच्या आईबापांनीं पदकें व प्रमाणपत्रें मोजण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : कोणीही न सांगतां तूं काय शिकलास, आणि त्याचा उपयोग कोणाला झाला?

डॉक्टर आनंदीबाईंना आपल्या विद्येचा उपयोग करण्याइतकें आयुष्य लाभलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांचा अर्ज मात्र अजून वाचण्याजोगा आहे. काय येतें, काय उणें आहे आणि ही विद्या कोणासाठीं हवी, या तीन गोष्टी त्यांत आहेत; आजच्या अर्जदारासही याहून अधिक कांहीं सांगावयाचें नसतें.