थ्रॉटल बॉडी साफ करावी, पण केव्हा?

दहा-बारा वर्षे एकच गाडी वापरणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कर्ज फिटलेले असते, गाडीच्या सवयी घरातल्या सगळ्यांना माहीत झालेल्या असतात. पण वय झाले की गाडीच्याही तक्रारी सुरू होतात. सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरते, ए.सी. लावताच बंद पडते आणि मागून हॉर्नचा गलका सुरू होतो. गॅरेजमध्ये गेल्यावर बिलात एक ओळ हमखास येते, 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग'. काही ठिकाणी तर तक्रार नसतानाही दर सर्व्हिसिंगला हे काम सुचवले जाते. होकार द्यावा की नकार, हे ठरवण्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. थोडी माहिती पुरेशी आहे.

थ्रॉटल बॉडी म्हणजे काय?

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिला कार्बोरेटर होता. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि पेट्रोल गाड्यांमध्ये कार्बोरेटरची जागा एमपीएफआय पद्धतीने घेतली. यात पेट्रोल इंजेक्टर सोडतात आणि हवा किती जावी हे थ्रॉटल बॉडी ठरवते. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली ही धातूची किंवा प्लॅस्टिकची नळी असते. तिच्यात एक गोल झडप असते. गॅरेजमध्ये तिला बटरफ्लाय म्हणतात. आपण ॲक्सिलरेटर दाबला की ही झडप उघडते, पाय काढला की जवळजवळ मिटते.

इंजिनात जळणाऱ्या वायूंचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑईलकडे उतरतो. तिथल्या तेलकट वाफा बाहेर न सोडता पुन्हा हवेच्या वाटेने इंजिनात ओढल्या जातात. कालांतराने या वाफांचा चिकट थर झडपेच्या कडेला बसतो. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या, इंजिन नीट तापण्याआधीच बंद होणाऱ्या शहरी गाडीत हे जास्त होते.

वेळ झाली हे कसे ओळखाल?

गाडी उभी असताना झडप मिटलेली असते आणि इंजिन अगदी बारीक फटीतून श्वास घेते. थर याच फटीत बसतो, म्हणून त्रासही आधी उभ्या गाडीतच जाणवतो. पुढील लक्षणे पाहा :

● इंजिन तापल्यावरही आयडलिंग वरखाली होते.

● ए.सी. लावताच आर.पी.एम.चा काटा खाली कोसळतो आणि लवकर सावरत नाही. किंचित हलून सावरला, तर काळजी नको.

● ॲक्सिलरेटरवरून पाय काढून थांबताना इंजिन बंद पडते.

● पेडल सुरुवातीला अडकते आणि मग एकदम सुटते.

यातले एखादे लक्षण असेल, तर मेकॅनिकला एअर फिल्टरकडून येणारी नळी काढून टॉर्चच्या उजेडात झडप दाखवायला सांगा. संकोच करू नका. हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. कडेभोवती जाड काळे कडे दिसले, तर सफाई करून घ्या. नुसती फिकट तपकिरी झाक असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर पैसे वाचवा. किलोमीटरचा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. हायवेवर धावणारी गाडी जास्त अंतर कापूनही स्वच्छ राहू शकते.

सगळ्याच दुखण्यांवर हे औषध नाही

'पिकअप वाढेल, ॲव्हरेज सुधारेल' असे सांगितले जाते. पण वेगात असताना झडप बरीच उघडलेली असते, त्यामुळे कडेच्या पातळ थराने फारसा फरक पडत नाही. गाडी वेगात असताना झटके देत असेल, तर आधी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि पेट्रोल पंप तपासा. सकाळी स्टार्टर मंद फिरत असेल, तर बॅटरी पाहा. आयडलिंग बिघडले असले, तरी आधी मळलेला एअर फिल्टर आणि फाटलेल्या किंवा निसटलेल्या रबरी नळ्या पाहून घ्याव्यात. हे काम स्वस्तातले आहे. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय कुठल्याच सफाईला होकार देऊ नका.

सफाई करताना

इंजिन बंद आणि थंड असावे, जागा हवेशीर असावी, जवळपास ज्योत किंवा विडी-सिगारेट नसावी. थ्रॉटल बॉडीसाठीच मिळणारा क्लीनर मऊ कापडावर घेऊन थर पुसावा. पेट्रोल, खरखरीत ब्रश किंवा पॉलिश पेपर नको. काही झडपांवर कारखान्यातच खास लेप दिलेला असतो, तो खरवडला की नवेच दुखणे सुरू होते.

आपली गाडी तारेच्या ॲक्सिलरेटरची आहे की इलेक्ट्रॉनिक, हे विचारून घ्या. इलेक्ट्रॉनिक झडप मोटरवर चालते, ती बोटाने ढकलल्यास आतले नाजूक गिअर बिघडू शकतात. शिवाय मळलेल्या झडपेची सवय झालेल्या संगणकाला सफाईनंतर आयडलिंग पुन्हा शिकवावे लागते. ते राहून गेले, तर इंजिन उगाचच जास्त रेस होते. म्हणून अशा गाडीचे काम घरी करू नये.

एकदा साफ केल्यावर काही महिन्यांतच पुन्हा जाड थर बसला, तर पुन्हा सफाई करून उपयोग नाही. तेलकट वाफा वाहून नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. ऑईलही कमी होत असेल, तर ही शंका बळावते. जुनी गाडी ठेवायची की विकायची, हा निर्णय अशा वेळी इंजिनाची नीट तपासणी करूनच घ्यावा.

अडकणाऱ्या पेडलकडे मात्र एक दिवसही दुर्लक्ष नको. चालत्या गाडीत पेडल अडकलेच, तर घट्ट ब्रेक दाबा, गाडी न्यूट्रल करा, कडेला थांबवा आणि मगच इंजिन बंद करा. घरातल्या प्रत्येक चालकाला हे माहीत असायला हवे. बाकी तक्रारींच्या बाबतीत सोपा नियम ठेवा : आधी लक्षण, मग तपासणी आणि शेवटी खर्च.