‘उन्हाळी लागणे’ : एक शब्दविचार

लघवीला जळजळ होऊ लागली म्हणजे ‘उन्हाळी लागली’ असे जालना जिल्ह्यात म्हणतात. मराठीत अन्यत्रही हा प्रयोग रूढ आहे. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन’ या परंपरेतील हा शब्द विकाराला त्याच्या कल्पित कारणाचे नाव देतो. ‘मुतखडा’ या शब्दात प्रत्यक्ष वस्तू दिसते. ‘उन्हाळी’त केवळ ऋतू.

हे कारण अंशतः खरे आहे. घाम फार आणि पाणी थोडे झाले म्हणजे मूत्र दाट होऊन दाह होतो. पाणी प्याल्याने तो शमतो. परंतु हिवाळ्यात कापूस वेचणाऱ्या स्त्रीलाही ‘उन्हाळी’ लागते. तेथे कारण बहुधा जंतुसंसर्गाचे असते. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, पुरुषांचा सुमारे २०. त्यामुळे स्त्रियांत संसर्ग अधिक. शेतात आडोसा नाही म्हणून पाणी टाळणे व लघवी तुंबवणे यांची त्यात भर पडते. ताप, कुशीतील वेदना वा लघवीत रक्त आढळल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घेऊन तत्काळ तपासणी करावी.

शब्द टाकून देण्याचे कारण नाही. रुग्णाने ‘उन्हाळी’ म्हणताच डॉक्टरांनी पुढील प्रश्न विचारावा, एवढेच सुचवावयाचे आहे.