गोष्ट पुढे कोणी सांगायची?

रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनची परदेशातल्या मराठी माणसाला केवढी धास्ती असते, हे या अंकाच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. १६ सप्टेंबर २००७, रविवार. आम्ही न्यू जर्सीत झोपायच्या तयारीत होतो आणि फोन वाजला. शिकागोहून मुलगा बोलत होता. आवाज जड. म्हणाला, “बाबा, गेले ते.”

माझ्या काळजात चर्र झाले. एका क्षणात साताऱ्याच्या काकांपासून पुण्याच्या मावशींपर्यंत सगळे वयस्कर चेहरे डोळ्यांपुढून सरकून गेले. मी कसाबसा विचारले, “कोण रे?”

“रॉबर्ट जॉर्डन.”

नाव कुठेतरी ऐकलेले होते, पण उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग आठवले. मुलाच्या जुन्या खोलीत उशीएवढ्या जाडीच्या पुस्तकांची एक रांग आहे, तिच्यावरचे हे नाव. खरे सांगतो, मला रागच आला. कोणा कादंबरीकारासाठी म्हाताऱ्या आईबापांच्या छातीत असे धस्स करायचे? पण मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “बाबा, आता पुढचं कोण सांगणार?” एकतीस वर्षांचा, नोकरीधंद्याला लागलेला मुलगा, पण त्या वाक्यात तो मला सात वर्षांचा वाटला. का, ते पुढे सांगतो.

ज्यांच्या घरी हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरे नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. राहणारे दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनचे. व्हिएतनाम युद्धात लढले, पदार्थविज्ञान शिकले, नौदलाच्या कामावर अणु-अभियंता होते आणि मग लेखक झाले. १९९० साली त्यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचा पहिला खंड आला. काळ हे एक चाक आहे, युगे येतात, जातात आणि पुन्हा येतात, ही तिची मूळ कल्पना. आपल्याला ती ओळखीचीच. मुलाने चौदाव्या वर्षी मला “बाबा, युग म्हणजे किती वर्षं?” असे विचारले तेव्हा संस्कार फळाला आले म्हणून मी मनातून सुखावलो होतो. श्रेय जॉर्डनसाहेबांचे होते, हे फार उशिरा कळले!

२००५ पर्यंत अकरा खंड झाले. बाराव्यात शेवट होणार, असे लेखकाने सांगितले होते. २००६ च्या वसंतात त्यांनी स्वतःच वाचकांना कळवले की आपल्याला अमायलॉइडोसिस नावाचा दुर्मिळ आजार झाला असून त्याने हृदय ग्रासले आहे. पुढच्याच वर्षी ते गेले. वय अठ्ठावन्न. गोष्ट शेवटच्या लढाईच्या उंबरठ्यावर थांबलेली. चौदाव्या वर्षी वाचायला बसलेला मुलगा सतरा वर्षे त्या उंबरठ्यापर्यंत चालत आला होता आणि आता दार बंद झाले होते.

अशा वेळी वाचक काय करतो? तो स्वतः लिहू लागतो. आवडत्या लेखकाची पात्रे घेऊन चाहत्याने लिहिलेल्या गोष्टींना इकडे ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. हा प्रकार आजचा नाही. १९६७ साली ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी आपली हौशी मासिके काढून त्यांत अशा गोष्टी छापायला सुरुवात केली होती. आपल्या मंडळाचे पहिले अंकही असेच घरी टाइप करून निघत, त्यामुळे त्या लोकांविषयी मला आपुलकी वाटते. लेखकमंडळींत मात्र याबद्दल एकमत नाही. हॅरी पॉटरच्या जे. के. रोलिंग बाईंनी, पैसे कमावू नका आणि अचकटविचकट लिहू नका, एवढ्या अटीवर चाहत्यांना मोकळीक दिली. ‘साँग ऑफ आइस अँड फायर’चे जॉर्ज मार्टिन यांचा याला विरोध, पात्रे म्हणजे आपली मुले, ती दुसऱ्याच्या हाती का द्यावीत, असा त्यांचा सूर. यातली थट्टा अशी की त्यांचा पाचवा खंड २०११ साली आला आणि पुढची डझनभर वर्षे वाचक सहाव्याची वाट पाहत राहिले!

पण कायदा आणि नीती बाजूला ठेवू. माझा प्रश्न वेगळा आहे. चाहत्याने लिहिलेल्या पुढच्या भागाने निष्ठावंत वाचकाचे समाधान होते का? गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर मला १९८४ सालीच मिळाले होते. मला ते तेव्हा कळले नाही, इतकेच.

१९८३ साली माझी आई सहा महिने आमच्याकडे राहिली. मुलगा सात वर्षांचा. रोज रात्री ती त्याला सात दारांच्या वाड्याची एक गोष्ट सांगत असे. एक राजपुत्र, हरवलेली बहीण आणि प्रत्येक दारावर एक नवा राखणदार. कुठल्या पुस्तकातली नव्हे, तिचीच होती. आजी-नातवाचा हा कार्यक्रम इतका रंगे की दारे लवकर उघडतच नसत. पाचवे दार उघडले आणि आईच्या परतीचा दिवस आला. “उरलेली दोन पुढच्या खेपेला,” असे तिने विमानतळावर त्याला सांगितले. पुढची खेप झाली नाही. १९८४ च्या पावसाळ्यात ती गेली.

काही महिन्यांनी मुलाने मला विचारले, “बाबा, सहाव्या दारात काय होतं?” मला माहीत नव्हते. पण बापाने ‘माहीत नाही’ म्हणायचे कसे? मी चार रात्री खपून गोष्ट पुरी केली. सहाव्या दारावर बोलणारा घुबड बसवला, सातव्यात बहीण सापडली, मिठ्या, आनंदीआनंद. मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “छान आहे. पण ही तुमची आहे. आजीची नाही.” आणि कूस बदलून झोपला.

मी दुखावलो. माझी गोष्ट कमी पडली, असे मला वाटले. पण त्याची तक्रार ती नव्हतीच. दर्जेदार चाहता-लेखक मिळाला की प्रश्न सुटला, असे आपण समजतो. वाचकाला मात्र एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे सहवास. त्या जगात अजून थोडे राहायचे, त्या माणसांना पुन्हा भेटायचे. ही भूक चाहताही भागवू शकतो, कधीकधी मूळ लेखकापेक्षा मायेने. दुसरी भूक उत्तराची. ‘खरोखर काय झाले?’ आता काल्पनिक वाड्याच्या सहाव्या दारामागे खरोखर काय असणार, असे तुम्ही म्हणाल. तर्काने बरोबर आहे. पण गोष्टीत रमलेल्या माणसाला ठाऊक असते की ते दार कोणीतरी बांधले आहे आणि बांधणाऱ्याच्या मनात आत काहीतरी होते. लिहिलेले सगळे चाहत्याला पाठ असते. न लिहिलेले फक्त लेखकाजवळ असते.

यातून दुसरी एक अडचण येते. चाहत्याचे पात्रांवर प्रेम असते, म्हणून तो त्यांची देणी फेडत सुटतो. ताटातूट झालेल्यांना भेटवतो, रुसलेल्यांना बोलते करतो, दुष्टांना शासन करतो. मी बहीण सापडवली ती याच मायेने. जे घडावेसे आपल्याला वाटत होते तेच घडते. मूळ लेखकाचा हात मात्र निष्ठुर असतो. तो आपल्या लाडक्याला मारतो आणि पुस्तक मिटल्यावर आपल्याला पटते की हेच व्हायला हवे होते. आईने सहाव्या दारात काय ठेवले असते ते मी सांगू शकत नाही, पण घुबड नक्कीच नसते.

मग असे पुढचे भाग कधीच जमत नाहीत का? जमतात. लहान मुलांच्या ‘ओझ’ मालिकेचेच पाहा. फ्रँक बॉम यांना ती १९१० सालीच संपवायची होती. त्यांनी ओझचा बाहेरच्या जगाशी संबंधच तोडून टाकला. पण १९१३ मध्ये त्यांना पुन्हा त्या देशात परतावे लागले. १९१९ साली ते वारले तेव्हा चौदा पुस्तके लिहून झाली होती. प्रकाशकाला मालिका बंद करायची नव्हती. त्याने फिलाडेल्फियाच्या रूथ प्लम्ली थॉम्प्सन यांना गाठले. लहानपणी बॉमची पुस्तके वाचून वाढलेली ही बाई. १९२१ पासून १९३९ पर्यंत दरवर्षी एक, अशी एकोणीस पुस्तके तिने लिहिली, म्हणजे मूळ लेखकापेक्षा पाचाने जास्त! पोरांनी ती आवडीने वाचली. याचे एक कारण असे की ओझमध्ये अडलेले उत्तर नव्हते. प्रत्येक पुस्तकात नवी सफर. भूक सहवासाचीच होती. तरी प्रकाशकाचा धीर पाहा. थॉम्प्सनच्या पहिल्या पुस्तकावर लेखक म्हणून नाव छापले ते बॉम यांचे. पुस्तक तिचे, नाव दिवंगताचे. ही लबाडी मला खुपते, कारण ही कोणाची गोष्ट, हे कळण्याचा वाचकाचा हक्क तिने हिरावून घेतला.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्याकडे आहे. आठव्या शतकातला भवभूती, विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातला. वाल्मीकी रामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त रामसीतेची पुन्हा भेट घडवली. चाहत्याची मायाच की ही! पण नाटक बघायला आलेल्या प्रत्येकाला वाल्मीकींचा शेवट ठाऊक होता. कोणी फसले नाही. म्हणूनच ते मीलन बघताना डोळ्यांत पाणी येते: हे असे झाले नव्हते, हे माहीत असूनही क्षणभर होऊ दिले म्हणून. मूळ गोष्ट पुरी झालेली असली आणि नवी सांगणाऱ्याने आपले नाव स्वच्छ सांगितले, की चाहत्याची गोष्ट मोकळेपणाने श्वास घेते.

जॉर्डन यांचे प्रकरण या दोन्हींच्या मधले. त्यांची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्यांची संपादक. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख तिच्या वाचनात आला. सँडरसन शाळकरी वयापासून या मालिकेचा वाचक. डिसेंबर २००७ मध्ये काम त्याच्याकडे गेल्याचे जाहीर झाले. म्हणजे एका चाहत्यालाच गादीवर बसवले. पण हा चाहता रिकाम्या हाताने बसला नव्हता. जॉर्डन यांनी आजारपणात टिपणे ठेवली होती, प्रसंग तोंडी सांगून उतरवून घेतले होते आणि शेवटचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला होता. एका खंडाचे तीन झाले. २००९, २०१० आणि अखेरचा जानेवारी २०१३ मध्ये. मुखपृष्ठावर नावे दोन्ही.

माझ्या मुलाने पहिले दोन खंड विकत घेतले आणि उघडले नाहीत. “ती त्याची गोष्ट असेल,” एवढेच म्हणाला. मी समजलो. पण शेवटचा खंड आल्यावर त्याला राहवले नाही. तिन्ही वाचून त्याने फोन केला, या वेळी दिवसाउजेडी! मी विचारले, “काय, झालं समाधान?” तो म्हणाला, “मॅट पहिल्या खंडात मॅटसारखा बोलत नाही.” मॅट हा त्यातला मिस्कील जुगारी. हे सँडरसननेही पुढे मान्य केले की मॅट त्याला आधी नीट साधला नव्हता. थोर प्रसंग दुसऱ्याला उचलता येतात. विनोद उचलणे सर्वांत कठीण, हे पु. लं.ची नक्कल ऐकलेल्या कोणालाही पटेल. मग थोडे थांबून मुलगा म्हणाला, “पण शेवट त्यांचा आहे, बाबा. शेवटच्या पानांवर आवाज ओळखू येतो. मधली वाट दुसऱ्यानं दाखवली, पण घर तेच आहे.”

म्हणून माझे उत्तर असे: चाहत्याची पुढची गोष्ट सहवासाची भूक भागवते, उत्तराची नाही. उत्तर लेखकाने मागे ठेवले असेल तर प्रामाणिक चाहता ते आपल्यापर्यंत पोचवू शकतो. ठेवले नसेल तर त्याने स्वतःची गोष्ट स्वतःची म्हणून सांगावी. तीही मोठी सेवा आहे.

२०१५ च्या थँक्सगिव्हिंगला आम्ही शिकागोला होतो. नात सहा वर्षांची. रात्री दाराआडून आवाज आला. मुलगा तिला सात दारांचा वाडा सांगत होता, मोडक्यातोडक्या पण स्वच्छ मराठीत. पाचवे दार उघडल्यावर तो थांबला. म्हणाला, “इथपर्यंत पणजीची गोष्ट. तिची इथं संपली. पुढची तुझ्या आजोबांची आहे, चालेल?”

नात म्हणाली, “चालेल.”

आणि एकतीस वर्षांनी माझा घुबड पुन्हा बोलू लागला. मी दाराबाहेर उभा राहून शेवटपर्यंत ऐकला. बहीण सापडल्यावर नातीने विचारले, “पण पणजीच्या सहाव्या दारात काय होतं?”

“ते कोणालाच माहीत नाही,” मुलगा म्हणाला.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी सांगू?”