इंजिनाचा धूर काय सांगतो?

डिझेल इंजिनाने गाडी ओढायला घेतली की काळ्या धुराचा लोट उठतो आणि फलाटावरचं कुणीतरी म्हणतं, "इंजिन बिघडलंय." बहुतेक वेळा तसं नसतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं धावलेलं डब्ल्यूडीएम-२ घेऊन हे पाहू. अल्को या अमेरिकी कंपनीची ही सोळा सिलिंडरची, २६०० अश्वशक्तीची इंजिनं १९६२ मध्ये भारतात आली; १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली.

डिझेलला ठिणगी लागत नाही. दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा अपुरी पडली की काजळी उरते. काळा धूर तो हाच.

हवा कमी का पडते? लोको पायलटकडे इंजिनाचा जोर वाढवायचे आठ टप्पे असतात, त्यांना नॉच म्हणतात. नॉच वाढवला की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे सांभाळणारं यंत्र, लगेच जादा डिझेल सोडायला लावतो. हवा कोंबणारा टर्बो मात्र बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर फिरतो. वायू वाढेपर्यंत तो रेंगाळतो. डिझेल आधी पोचतं, हवा मागाहून. नॉच भराभर वाढवले तर लोट आणखी मोठा. नंतरच्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये सुरुवातीला इंजिनच गिअरमधून टर्बो फिरवतं, म्हणून सुटताना धूर कमी दिसतो.

तेव्हा रंगाआधी आपण वेळ पाहावी. काही सेकंदांत धूर विरळ झाला तर काळजी नको. नॉच स्थिर असूनही तो काळाच राहिला तर दोष शोधायचा. इथे सगळे आधी डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर घसरतात. माझ्या मते आधी हवेची जाळी तुंबली आहे का ते पाहावं, ते सोपं असतं. मग टर्बो, मग इंजेक्टर. शेडमध्ये इंजेक्टर हातपंपावर लावून पाहतात: डिझेलचं बारीक धुकं उडायला हवं. फवारा थांबल्यावर टोकाशी थेंब लोंबत राहिला, तर तो इंजेक्टर परत बसवत नाहीत.

निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळतंय. दट्ट्याच्या रिंगा झिजलेल्या असतात किंवा टर्बोचं सील गळत असतं. बराच वेळ नुसतं चालू ठेवलेलं इंजिनही सुटताना थोडा निळा धूर टाकतं, कारण साचलेलं तेल जळून जातं.

पांढरा धूर थंडीच्या सकाळी इंजिन सुरू करताना दिसतो. ती न जळालेल्या डिझेलची वाफ. इंजिन तापलं की तो जातो. तापूनही गेला नाही, तर थंडाव्याचं पाणी सिलिंडरमध्ये झिरपत असल्याची शंका घ्यावी आणि टाकीतली पातळी पाहावी. असं इंजिन बंद करून पुन्हा तसंच सुरू करू नये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. आधी सिलिंडरच्या तपासणीच्या तोट्या उघडून इंजिन सावकाश फिरवतात आणि पाणी बाहेर येतं का ते पाहतात.